भाग ३४ : टायटेनियम घासायला इतकं नखरेल का?

या भागात आपण दातांच्या लॅबमध्ये डोकावलो होतो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

सुरुवात एका अपघाती शोधाने. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रेनमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटेनियमचं उपकरण नंतर काढायला गेले, तर निघेचना! हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे इम्प्लांट बसवले. हलका, न गंजणारा आणि शरीराला चालणारा धातू. मग अडचण कुठे आली? तो घासताना!

लॅबमध्ये कवळीचा सांगाडा किंवा टोपी ओतून झाली की ती घासून नेमकी बसवावी लागते. टायटेनियम १६६८ अंशांना वितळतं आणि इतक्या उष्णतेत साच्याच्या मालाशीच रासायनिक संबंध जोडतं. त्यामुळे ओतीव कामावर एक कडक, ठिसूळ कवच तयार होतं. ते आधी काढावं लागतं, आणि तिथेच बरची धार जाते.

कवच गेल्यावरही सुटका नाही. कारण उष्णता. साध्या स्टीलची उष्णतावाहकता पन्नासच्या आसपास धरली, तर शुद्ध टायटेनियमची बावीसच्या आसपास आणि ॲल्युमिनियम-व्हॅनेडियमवाल्या प्रसिद्ध मिश्रधातूची फक्त सात. म्हणजे घासताना तयार झालेली उष्णता धातूत पसरत नाही, बरच्या टोकाशीच साचते. तापलेलं टायटेनियम हवेतल्या ऑक्सिजनशी आणि दगडाच्या कणांशीही लगट करतं. चुरा चिकटतो, दगड बोथट होतो, ठिणग्या उडतात आणि पृष्ठभाग करपतो. त्यात हा धातू कोबाल्ट-क्रोमच्या निम्माच ताठ! पातळ भाग दाबला की वाकतो, सोडला की परत येतो. नेमकं माप मिळणार कसं?

मग जाणकार काय करतात? वेग कमी, दाब हलका, बर धारदार आणि खाचा रुंद, म्हणजे चुरा अडकत नाही. टायटेनियमसाठी बर वेगळे ठेवतात, दुसऱ्या धातूचा कण त्यावर घासला जाऊ नये म्हणून. कोरड्या बारीक चुऱ्याला आग लागू शकते. अशी आग पाण्याने नाही, कोरड्या वाळूने विझवायची असते, हे लॅबवाल्यांनी विसरू नये.

दुसरा रस्ता म्हणजे धातूच बदलायचा. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी टायटेनियममध्ये तांबं, चांदी, नायोबियम मिसळून पाहिलं. तांब्याने आत बारीक कठीण कण तयार होतात, धातूचा लवचीकपणा कमी होतो आणि चुरा लांब चिकट न निघता तुटून पडतो. साहजिकच घासणं सोपं. पण ठिसूळपणा किती परवडेल, याचा तोल सांभाळावाच लागतो.

तिसरा रस्ता आज सर्वात रूढ आहे : ओतायचंच नाही. संगणकावर आराखडा काढून भक्कम चकतीतून मिलिंग मशीनने काम कोरायचं, वर थंड द्रवाची धार सोडायची. ओतकाम नाही, म्हणून ते कडक कवचही नाही.

आता तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ काय? इम्प्लांटवरचा आधारखुंट कधीकधी तोंडातच घासावा लागतो. त्या छोट्या तुकड्यातली उष्णता खाली हाडापर्यंत पोहोचू शकते. १९८३ मध्ये सशांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की हाड ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं, तर त्याला इजा होते. ब्रेनमार्कना सुटू न देणारी ती घट्ट पकड, अशी तापवून आपणच सैल करू शकतो! म्हणून डॉक्टर पाण्याचा फवारा चालू ठेवून थांबत-थांबत घासत असतील, तर कंटाळू नका. तो वेळ तुमच्या हाडासाठीच जातो आहे.

भेटू पुढच्या भागात. तुमचे प्रश्न जरूर पाठवा!