पोलादनगरीत मोटारीच्या रंगाची निगा

छत्तीसगडमधील भिलाई येथील जुनवानीसारख्या वसाहतीत पांढऱ्या मोटारीवर तपकिरी, बारीक ठिपके दिसू लागले की पत्रा गंजला, अशी शंका मालकाला येते. बहुतेक वेळा पत्रा शाबूत असतो. गंजलेला असतो तो बाहेरून येऊन रंगावर रुतलेला लोखंडाचा कण.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. पोलाद उद्योगातून, रेल्वेच्या चाकांतून आणि वाहनांच्या ब्रेकमधून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात. ते रंगावर बसतात आणि दमट हवेत गंजतात. मोटारीच्या रंगाचा सर्वांत वरचा पारदर्शक थर सर्वसाधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो.

म्हणूनच रोज सकाळी कोरड्या फडक्याने मोटार पुसण्याची सर्वत्र रुळलेली पद्धत सर्वांत घातक ठरते. फडक्याखालचे कण सँडपेपरसारखे घासले जातात व उन्हात जाळीदार ओरखडे चमकतात. चकाकीसाठी डिझेलचा हात फिरवणारेही आहेत. त्या तेलकट थरावर दुसऱ्याच दिवशी अधिक धूळ चिकटते.

मोटार सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. प्रथम भरपूर पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्यासाठी. भांड्यांचा साबण टाळावा, कारण तो मेणाचा संरक्षक थर काढून टाकतो. शेवटी मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पाणी टिपून घ्यावे. बोअरचे जड पाणी अंगावरच वाळले तर क्षारांचे पांढरे डाग राहतात.

धुऊनही हात फिरवल्यावर खरखर जाणवली, तर लोहकण विरघळवणारे द्रावण फवारावे. कणांशी संयोग होताच ते जांभळे होते. त्याचा वास उग्र असतो. हातमोजे घालावेत आणि ते वाळण्यापूर्वी धुऊन टाकावे. उरलेले कण काढण्यासाठी डिटेलिंगची खास माती मिळते. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून ती हलक्या हाताने फिरवावी. ती जमिनीवर पडली, तर मात्र कितीही महाग असली तरी फेकून द्यावी. त्यानंतर मेणाचा पातळ हात द्यावा. मॅट रंगाच्या मोटारींना माती किंवा मेण लावू नये.