एक हजार चोवीसांतला एक

आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. इथवर हिशेब बोटांवर होतो. दहाव्या पिढीत आकडा 1,024 होतो आणि विसाव्या पिढीत 10 लाख 48 हजार 576. एका पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर तिसावी पिढी साडेसातशे वर्षे मागे, देवगिरीवर यादवांचे राज्य होते त्या काळात जाऊन पोचते. तिथे गेवराईच्या किंवा केजच्या कुणाही माणसाला 107 कोटी 37 लाख पूर्वज असायला हवेत. तेव्हा अख्ख्या जगाची वस्तीच चाळीस कोटींच्या आसपास होती. आजच्या बीड जिल्ह्याची म्हणाल तर 2011 च्या जनगणनेत अकरा तालुके मिळून 25 लाख 85 हजार.

गुणाकार बरोबर आहे, फक्त त्यात तीच ती माणसे पुन्हा पुन्हा मोजली जातात. मामाची मुलगी करून आणण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. अशा जोडप्याच्या लेकराला आठाऐवजी सहाच पणजीपणजोबा असतात, कारण दोघे जण आईकडूनही तेच आणि वडिलांकडूनही तेच. सोयरीक पाचदहा कोसांच्या बाहेर क्वचितच गेली, अशा मुलखात ही पुनरावृत्ती पिढ्यानुपिढ्या होत राहते. पाटोद्याच्या बाजारात शेजारीशेजारी भाजी विकणाऱ्या दोन अनोळखी माणसांचा एखादा पूर्वज एकच निघणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते हे नाते कागदावर दाखवणे.

तो कागद शोधण्याची वेळ 2023 मध्ये एकदम लाखो घरांवर आली. शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले, आणि सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांत कुणाच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिले आहे, हे तिने पाहायचे होते, कारण अशी नोंद दाखवली की वंशजाला इतर मागासवर्गाचा दाखला मागता येतो. आरक्षणाच्या वादाची बाजू इथे मांडत नाही. ती मांडणारे पुष्कळ आहेत. मला थक्क करतो तो या शोधाचा आवाका. ऑक्टोबरअखेर सरकारने पहिला हिशेब सांगितला: सुमारे 1 कोटी 72 लाख कागद तपासले, नोंदी सापडल्या 11,530. म्हणजे साधारण 1,490 कागदांमागे एक. एका माणसाने कागदाला एक मिनिट देऊन, न झोपता, न जेवता हे काम करायचे म्हटले, तर त्याला बत्तीस वर्षांहून जास्त लागतील. इथे ते महिन्यादोन महिन्यांत झाले, कारण तहसील, शाळा, भूमी अभिलेख, पोलीस अशी सगळीच कार्यालये एकदम कपाटे उघडून बसली होती.

कपाटांतून काय काय निघाले ते पाहण्यासारखे आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, 1951 चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, गाव नमुना 14 मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी ही झाली सरळ मंडळी. पण तपासायच्या यादीत उत्पादन शुल्क खात्याची ताडी नोंदवहीही होती, तुरुंगातल्या कैद्यांचे रजिस्टर होते, पोलिसांचे अटक पंचनामे होते. पणजोबांनी कधीकाळी मारामारी केली असेल, तर जमादाराने त्यांची जात लिहून ठेवलेली असण्याची शक्यता आहे. आयुष्यभर सज्जनपणे नांगर धरला असेल, तर मात्र कदाचित काहीच नाही.

बरे, कागद हाती आला तरी वाचणार कोण? इथे 1948 पर्यंत निजामाचे राज्य. दप्तर उर्दूत, त्याआधी फारसीत, आणि गावपातळीवरचे पुष्कळसे मोडीत. सन फसली, त्यात 590 मिळवायचे. म्हणजे फसली 1340 दिसले की साधारण 1930 समजायचे. नाव असते ते ‘रामा वल्द सखाराम’ एवढेच, आडनावाचा पत्ता नाही. आणि एका गावात तीन रामे, तिघांचेही बाप सखाराम, ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पुढे शोध सगळ्या राज्यात गेला आणि जानेवारी 2024 पर्यंत सापडलेल्या नोंदींचा आकडा 54 लाखांवर पोचला. त्यात मराठवाड्याचा वाटा फार थोडा आहे.

आता दहाव्या पिढीकडे परत वळू. दहा पिढ्यांचे मिळून पूर्वज होतात 2,046. सरकारी वंशावळ उभी करायची ती बापाकडून बापाकडे, म्हणजे त्यातली माणसे दहा. एक हजार चोवीसांतला एक जण सापडला की अर्ज पूर्ण. उरलेल्या एक हजार तेवीस जणांशी कार्यालयाला काही देणेघेणे नाही. आत्याचा शाळेचा दाखला चालतो, कारण ती बापाच्या रक्ताची. आजीच्या माहेरचा कागद कितीही जुना आणि कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. जात बापाकडून येते हे कायद्याचे तर्कशास्त्र मला समजते. पण पूर्वजांचा एवढा मोठा शोध देशात क्वचित झाला असेल, आणि त्यात निम्मी माणसे सुरुवातीलाच बाहेर राहिली, याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

गाव सोडून गेलेल्यांचे हाल आणखी वेगळे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख धरतात आणि विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961. त्या दिवशी तुमचा आजा जिथे राहत होता, तिथल्या प्रांताकडे जायचे. पिंपरीत जन्मलेल्या, मराठीपेक्षा हिंदी जास्त बोलणाऱ्या पोरालाही आष्टीची एसटी धरावी लागते आणि आपण कुणाचे कोण, हे तिथल्या चुलत्याकडून ऐकून घ्यावे लागते.

समुद्र ओलांडून गेलेल्यांची गोष्ट उलटी आहे. 1834 पासून साधारण साडेचार लाख हिंदी मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत मुंबई बंदरातून चढलेले मराठी लोक होते, बरेचसे कोकणातले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळाला. रजिस्टरात त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे फोटोही काढू लागले. हे सगळे माणूस पळाला तर पकडता यावा म्हणून. आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या नोंदी जपल्या आहेत, आणि पणतवंडाला त्यातून गाव सापडू शकते. गावात मागे राहिलेल्या त्याच्या भावाच्या अंगावरचा तीळ मात्र कुणीच लिहून ठेवला नाही.

आयर्लंडमध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडले. 1841 मध्ये तिथे सुमारे 82 लाख लोक होते. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, दहा लाख मेले, त्याहून जास्त जहाजात बसले, आणि 1911 पर्यंत वस्ती 44 लाखांवर आली. 1821 ते 1851 च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळाले. नंतरच्या चार जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले होते. त्यामुळे आयरिश आजोबा शोधताना पुष्कळदा अमेरिकेच्या बंदरातल्या याद्यांपासून सुरुवात करावी लागते. त्या याद्याही डोळे झाकून घेऊन चालत नाही. 1892 मध्ये एलिस बेटावर सर्वांत आधी उतरलेली कॉर्कची ॲनी मूर पुढे टेक्सासला गेली, असे वर्षानुवर्षे छापले जात होते. 2006 मध्ये उघड झाले की ती ॲनी मूर वेगळीच. खरी न्यूयॉर्कमध्येच राहिली आणि तिथेच वारली.

बीडमधून आजही दरवर्षी लाखो माणसे निघतात, पण जहाजाने नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरच्या वस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. राज्यातल्या ऊसतोड कामगारांचा अंदाज दहाबारा लाखांचा सांगतात, आणि त्यांत बीडचा वाटा सर्वांत मोठा मानतात. या प्रवासाचे तिकीट नसते, यादी नसते. असते ती मुकादमाची वही, आणि तिच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, पुढे आगाऊ दिलेली उचल किती आणि फिटली किती. हंगाम संपला, हिशेब मिटला, की वही जपायचे मुकादमाला कारण नाही. पोर फडावर जन्मले तर त्याची नोंद तिथल्या गावात, आपल्या गावात, की कुठेच नाही, हे त्या त्या वेळी कोण सोबत होते त्यावर ठरते. मॉरिशसमध्ये मजूर पळेल ही भीती होती, म्हणून सगळे लिहिले गेले. इथे ती भीती उचलीनेच मिटवली.

2021 मध्ये सरकारने ग्रामसेवकांकडून ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे द्यायचे ठरवले. ते विम्यासाठी आणि योजनांसाठी. पण नवरा आणि बायको यांची नावे वेगवेगळी, गावासकट लिहिली गेली आणि ती रजिस्टरे टिकली, तर आणखी शंभर वर्षांनी पणजी शोधायला निघालेल्या बीडच्या पोरीला ताडी नोंदवही उघडावी लागणार नाही.