‘असावं’चं ‘होतं’ कधी होतं?

संशोधनाला सुरुवात करताय? मग एक सवय आत्ताच लावून घ्या. वहीत दोन रकाने पाडा: काय सापडलं आणि त्यावरून काय म्हटलं गेलं.

पुणे जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ची. तिथे धान्यकोठाराजवळ पाच खोल्यांचं घर मिळालं. हा पहिला रकाना. ते गावप्रमुखाचं घर असावं, हा दुसरा.

पुरलेल्या अनेक प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. हे हाडं सांगतात. मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून तोडले असावेत, हे आपण सांगतो.

शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने शेती खालावली, असं म. के. ढवळीकरांनी मांडलं. असं अनुमान तपासायचं कसं? धान्याचे अवशेष, जनावरांची हाडं, माणसांचे दात असे स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला जातात का, ते बघा.

अनुमान करणं चूक नाही. त्याशिवाय आपण नुसती खापरंच मोजत बसू. पण एका पुस्तकातलं ‘असावं’ पुढच्या पुस्तकात गुपचूप ‘होतं’ होतं आणि तुमचा प्रबंध त्यावर उभा राहतो. म्हणून मूळ अहवाल उघडा.