जात कालीपत्ती, नाव घोलवड: पेटी छापण्याआधी वाचा

इटलीत त्रिएस्ते शहराजवळ प्रोसेको नावाचं गाव आहे. तिथल्या भागातली फेसाळ वाइन याच नावाने जगभर खपते. पण ती ज्या द्राक्षापासून बनते, त्या जातीलाही लोक प्रोसेकोच म्हणायचे. जातीच्या नावावर एका गावाचा हक्क सांगता येत नाही. तेच द्राक्ष दुसरीकडे लावून कुणीही बाटलीवर ‘प्रोसेको’ लिहू शकला असता. म्हणून २००९ मध्ये इटलीने जातीचं नाव ‘ग्लेरा’ केलं आणि ‘प्रोसेको’ हे नाव ठरलेल्या हद्दीतल्या वाइनसाठीच राखून ठेवलं.

आपल्या चिकूचंही असंच आहे. कालीपत्ती ही जात, ती गुजरातमध्येही पिकते. ‘डहाणू घोलवड चिकू’ हे मात्र ठिकाणाचं नाव. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. घोलवडच्या कॅल्शियमयुक्त जमिनीमुळे फळाला वेगळी गोडी येते, असं मानतात. २०२१ मध्ये हा चिकू याच नावाने ब्रिटनला गेला.

आता कामाचं:

१) हद्दीत बाग आहे म्हणून नाव छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद लागते. ती १० वर्षं चालते, मग नूतनीकरण करायचं.

२) वसई-विरारच्या बागायतदारांनी आपलं गाव नोंदीतल्या हद्दीत येतं का, हे आधी कंपनीच्या ऑफिसात विचारून घ्यावं. येत नसेल तर पेटीवर ‘कालीपत्ती चिकू’ आणि आपल्या गावाचं नाव छापा. त्यात कमीपणा काही नाही.

३) व्यापारी म्हणाला, “रिकाम्या पेट्या द्या, माल मी भरतो,” तर देऊ नका. खोटं जीआय नाव लावणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

४) प्रत्येक पेटीवर गट नंबर आणि तोडणीची तारीख लिहा. तक्रार आली तर माल कुठल्या बागेतला हे लगेच कळतं.

जीआय हे एकट्याचं नाव नाही, सगळ्या गावांचं आहे. एकाने बाहेरचा माल भरला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी सगळ्यांच्याच पेटीकडे संशयाने बघतं, आणि भाव सगळ्यांचाच पडतो.

नोंदणी करायची असेल त्यांनी सातबारा आणि आधार कार्ड घेऊन ऑफिसात या. अर्ज आपण बसून भरू.