अपघात विभाग : रस्ता तसा रुग्ण

अपघातग्रस्त रुग्ण एवढ्या मोठ्या संख्येने येतात तरी कोठून, असा प्रश्न सन्माननीय देणगीदार आम्हांस वारंवार विचारतात. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकीय बारकावे आम्ही डॉक्टरांवर सोपवितो. परंतु नोंदवहीतील ‘अपघाताचे कारण’ हा रकाना वर्षानुवर्षे वाचताना ध्यानात येते की, वाहन चालविण्यातील बेशिस्तही मुलुखागणिक निराळी असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण खुला झाला. तेथे दुचाकी व ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. त्यामुळे तेथील दोष मुख्यतः मार्गिका तोडण्याचे आणि अतिवेगाचे. खानदेशात मात्र कंटेनर, एस.टी., ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि बैलगाडी यांचा रस्ता एकच!

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. तेथील चालक बहुधा परमुलुखातला, रात्रभर जागलेला. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड त्यांच्यापैकी अनेकांना असते. गिअरमध्ये असलेल्या गाडीला इंजिनच आवरून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. ब्रेक निकामी झालेला अवजड कंटेनर काय करू शकतो, हे 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे दिसले. वाटेतील वाहनांना धडकत तो हॉटेलात शिरला आणि किमान 10 जणांचा बळी गेला.

जळगावकडील खोडी घरच्या आहेत. महामार्ग शहराच्या मधून गेलेला. समांतर रस्त्यांची मागणी कित्येक वर्षे चालली. दुभाजकाला वळसा घालण्याचा कंटाळा करून माणसे उलट्या दिशेने मोटारसायकल हाकतात. समोरासमोर येणारी दोन वाहने ताशी 60 किलोमीटरने धावत असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला सुमारे 33 मीटरने घटते. सावरण्यास वेळ उरतो कोठे? रात्री कापसाच्या वा केळीच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. परावर्तक पट्टीचा खर्च तो काय, आणि त्यावाचून मागून आदळलेल्या तरुणाच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेचा खर्च तो काय! हा हिशेब मांडताना आमचीही लेखणी अडखळते. मालाच्या ढिगावर मजूर बसविण्याची रीतही अशीच. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि किमान 15 मजूर दगावले. हातावर पोट असलेल्या माणसाला परतीचे दुसरे वाहन नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. सारा दोष चालकावर टाकून चालणार नाही.

दुखापतीनंतरचा पहिला तास मोलाचा असतो. तो पुष्कळदा पोलिसी ससेमिऱ्याच्या भीतीने वाया जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली आणि मोटार वाहन कायद्यातील कलम 134-अ ने 2019 साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. जखमीस घेऊन येणाऱ्या अनोळखी व्यक्तीकडे आमच्या खिडकीवर अनामत मागितली जात नाही, की नाव सांगण्याची सक्ती केली जात नाही. रुग्णांच्या नातेवाइकांनी ही माहिती आपापल्या गावी अवश्य सांगावी, ही नम्र विनंती.