वाऱ्याची मोट

गुडघाभर गवत आहे, गुरेही आहेत, पण गुरांना ते गवत खाता येत नाही, असे कधी ऐकलेय का? कोडे घालत नाहीये बरं का! अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अगदी असेच होते.

तो मुलूख परातीसारखा सपाट. डोंगर नाही, झाड नाही. पाऊस आपल्या माणदेशात पडतो जवळपास तेवढाच. उथळ तळ्यांत पावसाचे पाणी साचते आणि उन्हाने आटून जाते. नदी लांब कुठेतरी. आता गाय दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ती पाण्यापासून चार-पाच किलोमीटर लांब चरायला गेली, तर जाण्यायेण्यातच तिचा दिवस जातो आणि खाल्लेले अंगी लागत नाही. त्यामुळे नदीकाठचे गवत पार खुरटून जायचे आणि लांबचे गवत उभ्या उभ्या वाळायचे.

ही भूमी मुळात कोमांचे आणि कायोवा या आदिवासी लोकांची. कुठला झरा कधी वाहतो, हे त्यांना पाठ होते. बायसन म्हणजे रानबैलांच्या कळपांमागे ते पाण्यापाण्याने फिरत. १८७४-७५ मध्ये अमेरिकी सैन्याने लढाई करून त्यांना तिथून हुसकावले. बायसन तर शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवलेच. मग आले गुरांचे मोठमोठे मालक. त्यांच्या अफाट कुरणांना म्हणतात रँच. १८७४ मध्येच जोसेफ ग्लिडन याला त्याच्या काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि मोकळ्या रानाला हळूहळू कुंपणे पडली. नदी ज्याच्या कुंपणात आली, त्याची गुरे जगली. बाकीच्यांनी काय करायचे?

पाणी होते, पण पायाखाली! रॉकी पर्वतातून आलेल्या नद्यांनी लाखो वर्षे वाळू आणि गोटे आणून या मैदानावर पसरले होते. त्या थरात पाणी मुरून राहिले होते. या साठ्याला ओगलाला म्हणतात. नेब्रास्का राज्यातल्या एका गावाचे ते नाव. हा साठा आठ राज्यांच्या खाली पसरलाय, क्षेत्रफळ सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट! पण जमिनीखाली मोठे तळे आहे, असे मनात आणू नका. ओल्या वाळूची जाडजूड गादी डोळ्यांपुढे आणा.

सुरुवातीला लोकांनी हातानेच विहिरी खणल्या. कॅन्सस राज्यात ग्रीन्सबर्ग गावी १८८७-८८ मध्ये खणलेली विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद आहे. कुदळ-फावड्याचे काम! ती आजही पाहायला मिळते. पण वाळूत खणणे म्हणजे जिवाशी खेळ. बाजू कधी ढासळेल, नेम नाही. तळाशी विषारी हवा साठते, म्हणून आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर माणसाने उतरायचे नाही.

मग आली बोअर पाडणारी टोळी. आपल्याकडची बोअरची गाडी तुम्ही पाहिली असेलच. कानठळ्या बसवणारा आवाज, धुळीचे लोट, आणि एका रात्रीत दोन-तीनशे फूट! तेव्हाची रीत संथ होती. दोराला एक जड पोलादी छिन्नी टांगायची, दोन-तीन फूट वर उचलायची आणि सोडून द्यायची. धप्प! पुन्हा वर, पुन्हा धप्प! उचलण्याचे काम घोडा करी. तो घाण्याच्या बैलासारखा गोल फिरे. पुढे वाफेचे इंजिन आले. भोकात थोडे पाणी ओतायचे, म्हणजे चुरा झालेल्या मातीचा चिखल होतो. तो काढायला लांब नळीसारखी बादली असे, तिच्या बुडाला वर उघडणारी झडप. खाली आपटली की चिखल आत, वर ओढली की झडप बंद. वाळू ढासळू नये म्हणून लोखंडी केसिंग पाइप उतरवायचा. त्याच्या खालच्या टोकाला भोके, त्यांतून पाणी आत येते.

जागा कुठे धरायची? आपल्याकडे जसे पाणाडे, तसे तिकडेही होते. हातात दुबेळक्याची काठी धरून फिरायचे. काठी वाकली की खाली पाणी! मला विचाराल तर सगळीकडे ओली वाळू असल्यावर कुणाचीही काठी वाकणारच. आपल्या काळ्या दगडात पाणी फक्त फटीत असते. तिथे लावावी त्यांनी काठी!

बोअर झाली. आता पाणी वर कसे आणायचे? आपल्याकडे मोट असायची. पण मोटेला बैलजोडी हवी आणि ती हाकणारा माणूस हवा. रँचवर मैलोन् मैल माणूस नाही. तिथे फुकटात एकच गडी होता, वारा. तो मात्र दिवसरात्र राबायला तयार.

कनेक्टिकट राज्यातल्या डॅनियल हॅलाडे या कारागिराने १८५४ मध्ये एका पवनचक्कीचे पेटंट घेतले. ती आपणहून वाऱ्याकडे तोंड करी आणि वादळ आले की आपणहून वेग आवरी. म्हणजे राखणीला माणूस नको! गिऱ्हाईक सगळे पश्चिमेचे, म्हणून १८६३ मध्ये कारखानाच इलिनॉय राज्यात हलवला.

तरी चाके लाकडी, पाती सपाट. याच कंपनीत थॉमस पेरी नावाचा तरुण होता. त्याने १८८२-८३ मध्ये साठेक प्रकारची चाके बनवून पाच हजारांहून जास्त प्रयोग केले. वाऱ्याची वाट कशाला पाहायची? त्याने इंजिनाने फिरणाऱ्या लांब दांड्यावर चाक बसवले आणि तेच हवेतून फिरवले! पोलादी पत्र्याची किंचित वाकवलेली पाती सर्वांत सरस, हे त्याला कळले. कंपनीने ते मनावर घेतले नाही. मग १८८८ मध्ये ला व्हर्न नॉइस याच्याबरोबर शिकागोत एअरमोटर कंपनी निघाली. प्रतिस्पर्धी तिच्या चक्कीला ‘गणिती पवनचक्की’ म्हणून हसायचे. पहिल्या वर्षी विकल्या अवघ्या ४५. १८९२ साली वीस हजार!

आता ही चक्की चालते कशी, ते पाहा. चाकाला अठरा-वीस पाती, त्यामुळे मंद झुळकेवरही ते हलते. मागे शेपूट, ते चाकाला वाऱ्यासमोर धरते. वारा फारच वाढला की चाक आपोआप कुशीवर वळते. आत दातेरी चाके आहेत. चाकाचे सुमारे तीन फेरे झाले की एक लांब दांडा एकदा वर-खाली होतो. हा दांडा थेट बोअरच्या पोटात गेलेला असतो, पार पाण्यापर्यंत. खाली नळकांडे, त्यात चामड्याचा वायसर आणि दोन झडपा. दांडा वर आला की वायसरवरचे पाणी वर ढकलले जाते आणि खालून नळकांडे पुन्हा भरते, खाली गेला की ते पाणी झडपेतून वायसरच्या वर येते.

पंप वरच बसवून पाणी ओढून का घेत नाहीत? कारण ओढून पाणी फार तर दहा मीटर वर येते. त्याहून वर चढवायची ताकद हवेच्या दाबात नाही. म्हणून पंप खाली, पाण्यात.

तुमच्या शाळेच्या आवारात किंवा वाडीत खोल बोअरवरचा हातपंप असेल तर त्याच्याही पोटात हेच आहे, फक्त वाऱ्याच्या जागी तुमचे हात. आपल्या देशातला प्रसिद्ध ‘इंडिया मार्क टू’ हातपंप १९७०च्या दशकात तयार झाला, तो सोलापूरला बनणाऱ्या ‘सोलापूर पंपा’वरून. त्याच्याही आधी जालन्याच्या मिशनमध्ये असे मजबूत पंप बनत. आपल्या दुष्काळी मुलखाचे हे देणे फार थोड्यांना ठाऊक असते.

एक गणित करा. पाणी १४० फूट खोल, चाक आठ फुटी, वारा चांगला, तर तासाला साधारण ७०० लिटर पाणी येते. दिवसात दहा तास वारा वाहिला, आणि एका गाईला ५० लिटर धरले, तर एका चक्कीवर किती गाई जगतील? बरोबर, १४०. म्हणून वारा पडेल त्या दिवसांसाठी शेजारी मोठा हौद बांधत.

सर्वांत मोठ्या रँचपैकी एक म्हणजे एक्सआयटी. तिची कथा मजेदार आहे. टेक्सास सरकारला ऑस्टिन शहरात विधानभवन बांधायचे होते, पण पैसे नव्हते. मग बांधणाऱ्यांना पैशाऐवजी तीस लाख एकर जमीन दिली! आपल्या गोव्यासारखी तीन राज्ये मावतील एवढी. तिथे दीड लाखाच्या आसपास गुरे असत आणि १९०० सालापर्यंत ३३५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक घळीत होती. तिथे वारा पोचेना, म्हणून १८८७ मध्ये तिचा लाकडी मनोराच १३२ फूट उंच केला. १९२६च्या वादळात तो कोसळला.

या चक्क्यांना वंगण घालायला खास गडी असत. घोड्यावरून एकटेच फिरायचे, मनोऱ्यावर चढायचे, थंडीवाऱ्यात दातेरी चाकांना तेल द्यायचे. वारा अचानक फिरला की शेपूट गर्रकन वळे आणि वरच्या माणसाला फटका बसे. खाली कुणी नाही! १९१५ मध्ये एअरमोटरने तेलात बुडालेली दातेरी चाके काढली, तेव्हापासून वर्षातून एकदा चढले की पुरे झाले. या चक्क्या टेक्सासमधल्या सॅन अँजेलो इथे अजून बनतात. अनेक रँचवर आता सौर पंपही आले आहेत.

पण ओगलालाचे पाणी काही गुरांनी संपवले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीसाठी इंजिनाचे आणि विजेचे पंप आले. असा मोठा पंप मिनिटाला तीन हजार लिटर पाणी उपसू शकतो. तेवढ्याला आपल्या आठ फुटी चक्कीला चार तासांहून जास्त वेळ लागेल. पावसाचे पाणी मात्र टेक्सासच्या त्या भागात फारच थोडे मुरते. काही ठिकाणी पाण्याची पातळी दीडशे फुटांहून जास्त खाली गेली.

शेजारच्या शेतात असा पंप सुरू झाला आणि पाणी उतरले, की चक्कीवाला मनोऱ्यावर कप्पी बांधतो, बोअरमधला सगळा दांडा वर खेचतो, त्याला आणखी एक तुकडा जोडतो आणि पुन्हा खाली सोडतो. दांडा लांबला की तेच चाक आणखी कमी पाणी आणते. कधीकधी बोअरच आणखी खोल करावी लागते. वाळूच्या थराखाली तांबडी माती आहे, जुनी आणि घट्ट. छिन्नीबरोबर तो तांबडा चिखल वर आला, की बोअरवाला यंत्र बंद करतो.