पॉलिशच्या आधी रंग नीट बसवा

दिवाळी जवळ आली, भिंतींना रंग झाला, की जुनं लाकडी सामान डोळ्यांना खुपायला लागतं. सासूबाईंच्या वेळचं सागवानी कपाट टाकवत तर नाहीच. मग पदर खोचून आपणच कामाला लागतो. पण कित्येकींची तक्रार एकच असते, "रंग छान बसला होता हो, वरून पॉलिशचा हात दिला आणि सगळे पट्टे उमटले!"

असं का होतं ते समजलं, की निम्मं काम झालं म्हणून समजा. चपड्याचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. खालचा रंगही स्पिरिटमध्येच कालवलेला असेल, तर पॉलिशमधलं स्पिरिट त्याला पुन्हा ओला करतं आणि बोळ्याबरोबर तो ओढला जातो. म्हणून रंग पूर्ण वाळू द्या. पॉलिशचा पहिला हात अगदी पातळ असावा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदाच फिरवावा. तीच जागा पुन्हा घासू नका. तो वाळल्यावर पुढचे हात हलकेच द्या.

तेलातला रंग स्पिरिटने असा सहज उठत नाही, पण तो वाळतो सावकाश. एक-दोन दिवस थांबावंच लागतं. बोटाला चिकट लागला, तर टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्याने जादा रंग पुसून घ्या आणि पुन्हा वाळू द्या.

काही ठिकाणी रंग धरतच नाही, फिकट ठिपके राहतात. तिथे बहुधा सुताराच्या हातचा फेविकॉल वाळलेला असतो. रंग लावण्यापूर्वी लाकूड स्पिरिटच्या फडक्याने पुसून पाहा, डाग लगेच दिसतील. ते खरवडून पॉलिश पेपर मारा. फळीच्या कापलेल्या टोकांना याच्या उलट होतं. ती जास्त रंग पितात आणि काळपट दिसतात. तिथे आधी पातळ पॉलिशचा एक हात द्या, मग रंग लावा. स्पिरिटचा रंग एखाद्या जागी गडद झालाच, तर स्पिरिटच्या फडक्याने हलकेच पुसून तो फिका करता येतो.

पावसाळी दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते, कारण हवेतला ओलावा थरात अडकतो. घाबरू नका. कोरड्या दिवशी बोळ्याला किंचित स्पिरिट लावून भरभर फिरवा, बहुतेक वेळा झाक जाते. जेवणाच्या टेबलाला मात्र चपड्याचं पॉलिश नको. गरम भांड्याचा पांढरा डाग उमटतो. त्याला व्हार्निश बरं.

आणि एक सांगणं. स्पिरिट चटकन पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवघरातलं निरांजन दूर असू द्या, खिडक्या उघडा, मुलांना लांब ठेवा. अळशीच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा, मगच टाका.

एकदा वर पॉलिश चढलं, की खालचा रंग दुरुस्त करायला सगळं खरवडावं लागतं. म्हणून रंग आणि पॉलिश दोन्ही आधी खणाच्या खालच्या बाजूला लावून पाहा. एक दिवस जास्त जाईल, पण कपाट पुढची कितीतरी वर्षं दिमाखात उभं राहील.